तारीख आधी, माहिती मागाहून

डेटा सेंटर रिकामं करून सगळं क्लाउडवर न्यायचं ठरलं, की पहिल्याच बैठकीत गो-लाइव्हची तारीख जाहीर होते. कोणतं ॲप्लिकेशन कशावर अवलंबून आहे, याची यादी मात्र मागाहून येते. मी या कामात आर्किटेक्ट आहे. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे आणि त्याचा भुर्दंड ग्राहकाला पडतो.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेकडे बघा. एप्रिल २०१८ मध्ये तिने ५० लाखांहून जास्त ग्राहकांचा डेटा एका वीकेंडला नव्या यंत्रणेवर हलवला. डेटा पोचला, पण यंत्रणा कोलमडली. सुमारे १९ लाख लोकांचं ऑनलाइन बँकिंग अडलं आणि घडी बसायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. ते स्थलांतर क्लाउडकडे नव्हतं, पण चूक तीच होती. स्लॉटर अँड मे या कायदेसंस्थेच्या अहवालानुसार, शेवटची तारीख धरून वेळापत्रक उलटं आखलं गेलं. दोन डेटा सेंटर एकत्र चालवायची होती आणि भाराची चाचणी झाली एकातच.

‘सर्व्हर उचला, तिकडे ठेवा’ म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करावा. एखादी स्क्रीन उघडताना डेटाबेसला एकामागून एक ५०० प्रश्न विचारते. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस शेजारी असताना प्रत्येक फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला, तर पाव सेकंदात काम होतं. ॲप्लिकेशन क्लाउडवर गेलं, डेटाबेस जुन्या जागी राहिला आणि फेरी २० मिलिसेकंदांची झाली, की त्याच स्क्रीनला १० सेकंद लागतात. काउंटरवरची रांग तिथून वाढते.

हे कागदावर आधी दिसू शकतं. त्यासाठी कोण कोणाशी बोलतं, हे नेटवर्कवर महिनाअखेरीसकट मोजावं लागतं, कारण काही बॅच जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) तेव्हाच जागे होतात. ३१ मार्चला चालणारे जॉब तर जुन्या माणसांना विचारूनच कळतात. अशा कामाला वेळ लागतोच. नेटफ्लिक्सने २००८ मध्ये डेटाबेस बिघडल्यावर क्लाउडची वाट धरली आणि २०१६ च्या जानेवारीत काम पुरं केलं. सात वर्षं लागली, कारण बरीचशी यंत्रणा त्यांनी नव्याने बांधली.

म्हणून कंपनीच्या प्रमुखांना माझं सांगणं आहे: तारखेवर सही करण्यापूर्वी तीन कागद मागा. अवलंबित्वाचा मोजून काढलेला नकाशा, खऱ्या भाराच्या चाचणीचा निकाल आणि परत फिरण्याची, म्हणजे रोलबॅकची, प्रत्यक्ष तालीम झाल्याची नोंद. यातला एक जरी कागद नसेल, तरी तारीख पुढे ढकला. जुन्या जागेचं भाडं महिनाभर जास्त भरावं लागेल, पण आपले पैसे कुठे गेले म्हणून ग्राहकाला फोन करत बसावं लागणार नाही.