अकरा महिन्यांचा लाडका भाऊ

बेकारीवर महाराष्ट्राला अखेर रामबाण उपाय सापडला : बेकारालाच हजेरीपटावर घ्यायचे. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘लाडका भाऊ’ योजनेत, बारावी पास तरुणाला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. फुकट भत्ता नको, पोरांना काम शिकू द्या, हा विचार तसा सोज्वळच. मग पदवीधर भाऊ कार्यालयात जावक क्रमांक टाकायला आणि झेरॉक्सचे गठ्ठे लावायला शिकला. सहा महिन्यांत हात बसला, तोच मुदत संपली. ओरड झाली तशी ती अकरा महिन्यांवर गेली. घराचा भाडेकरारही अकराच महिन्यांचा असतो; बाराव्या महिन्यात म्हणे हक्क सांगायची सवय लागते.

याच राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. काम मागा, पंधरा दिवसांत मिळाले नाही, तर भत्ता सरकारने द्यायचा. तेव्हा कामाची जबाबदारी सरकारवर होती. आता सरकार प्रमाणपत्र देऊन मोकळे होते.

साहेब, रिकामी पदे भरा. प्रशिक्षण खुर्चीवर बसल्यावरही होते.