तुमचं कुठपर्यंत आलं?

कॅनडाच्या नागरिकत्वाच्या अर्जावर सही करताना तुमचं वय १८ ते ५४ असेल तर परीक्षा द्यावी लागते. पंचावन्न पूर्ण झाली की माफ. मला पंचावन्नावं सरायला थोडेच आठवडे उरले होते. बायको आणि मी कॉलेजात एका वर्गातले. ती माझ्याहून जराशी मोठी, त्यामुळे ती आधीच सुटली होती. ती म्हणाली, "अरे, दिवाळीपर्यंत थांब की. तुलाही माफ होईल."

चौथीच्या स्कॉलरशिपला तालुक्यात पहिल्या आलेल्या माणसाला हे सांगायचं? त्यानंतरच्या चार दशकांत मी कशातच पहिला आलेलो नाही, त्यामुळे ही संधी सोडणं परवडणारं नव्हतं. मी घाईघाईनं अर्ज भरला आणि 'डिस्कव्हर कॅनडा' हे सरकारी पुस्तक पाठ करायला बसलो.

परीक्षेत वीस प्रश्न असतात आणि पंधरा बरोबर आले की पास. म्हणजे पंधरा आणणारा अभ्यास शहाण्या माणसानं करावा. मी १ जुलै १८६७ पासून सुरुवात केली, १८८५ साली रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला, आणि भाजी चिरताना बायकोला प्रांतांच्या राजधान्या ऐकवू लागलो. आणि मग मला लॉरा सेकॉर्ड भेटली.

पुस्तकात तिला दोन-चार ओळी आहेत. १८१३ सालची गोष्ट. अमेरिकेशी युद्ध चाललेलं, नवरा आदल्या वर्षीच्या लढाईत जखमी होऊन पडलेला, घरात पाच मुलं. अमेरिकन सैन्य हल्ला करणार हे बाईच्या कानावर आलं आणि ती क्वीन्स्टनहून पायी निघाली. तीस किलोमीटर रान आणि चिखल तुडवत जाऊन तिनं ब्रिटिश फौजेतल्या लेफ्टनंट फिट्झगिबनला बातमी दिली. वाचता वाचता मी ताडकन उठलो. ही तर आपली हिरकणी! एक रायगडाचा कडा उतरली बाळासाठी, दुसरी रान तुडवत गेली फौजेसाठी. हिरकणी गवळण, आणि लॉराच्या कथेतही नंतरच्या एका लेखकानं एक गाय घुसडलेली आहे. पहारेकऱ्यांना संशय येऊ नये म्हणून बाई म्हणे गाय हाकत निघाली. गाईशिवाय शूर बाई कुणाच्या पचनी पडत नसावी. पुढे दोघींचं दोन्ही देशांनी काय केलं तेही बघा. हिरकणीच्या नावानं एसटीनं निमआराम गाडी काढली, लॉराच्या नावानं १९१३ साली टोरांटोत चॉकलेटचं दुकान निघालं. आता हिरकणीत बसून कराडहून पुण्याला गेलेल्या माणसाला विचाराल, तर चॉकलेटवाल्यांनी जास्त इमान राखलंय.

परीक्षेला यातलं काहीच येणार नव्हतं, पण मी थांबलो नाही. आणखी वाचलं, तेव्हा खरी गोष्ट कळली. लॉराबाईंनी सरकारकडे अर्ज केले होते. पेन्शनसाठी वगैरे, एकामागून एक. सरकारनं ते वाचले असावेत, फेटाळले हे नक्की. शेवटी १८६० साली इंग्लंडचा युवराज दौऱ्यावर आला असताना त्याच्या कानावर ही हकीकत गेली आणि त्यानं शंभर पौंड पाठवले. बाईंचं वय तेव्हा ८५ होतं. चालायला एक दिवस लागला, पोच मिळायला सत्तेचाळीस वर्षं. तेव्हापासून अर्जाबद्दल कुणी कुरकुर केली की मी लॉराचा दाखला देतो. लोक आता माझ्यापुढे कुरकुर करायचे थांबलेत. मी आलो की ते दुसऱ्या टेबलावर जातात.

परीक्षा घरच्या घरी, कॉम्प्युटरपुढे, कॅमेरा आपल्यावर रोखलेला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वीसपैकी वीस आले. संकेतस्थळावर परीक्षेपुढे 'पूर्ण' एवढाच शेरा उमटला. पंधरावाल्यालाही तोच शेरा. लॉराचं तर नावही निघालं नाही.

तेव्हापासून वाट बघणं चालू आहे. संकेतस्थळावर रकाने आहेत: भाषा, परीक्षा, वास्तव्य, गुन्हेगारी बाबी, पार्श्वभूमी, शपथविधी. माझं पार्श्वभूमीपाशी अडलंय. महिनोन्महिने 'काम सुरू आहे'. सुरुवातीला मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्या आयुष्यात इतका रस घेतंय. मग मीच ते आयुष्य त्यांच्या नजरेनं तपासलं आणि शरमलो. शोधण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या घराण्यात तुरुंगात गेलेला माणूस एकच, माझे आजोबा, आणि तेही बेचाळीसच्या चळवळीत, इंग्रजांच्याच तुरुंगात. अर्जात आजोबांबद्दल विचारत नाहीत, नाहीतर निदान एक ओळ वजनदार झाली असती.

आईला हे फोनवर सांगितलं. शपथ कुणाची घ्यायची असते, तिनं विचारलं. राजे तिसरे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांची, मी म्हणालो. थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग म्हणाली, "आबांनी ज्यांना इथनं घालवलं, त्यांच्याच राजाची शपथ घ्यायला तू पैसे भरलेस व्हय रे?" प्रतिसरकारच्या मुलखातल्या बाईला यावर काय सांगणार? मी हवामानाकडे वळलो.

मंडळाच्या गणपतीत उपवर मुलीच्या बापाला विचारावं तसं सगळे एकमेकांना विचारतात, "तुमचं कुठपर्यंत आलं?" माझ्यानंतर अर्ज केलेल्या एकाची शपथ झालीसुद्धा. पंधरा आले होते त्याला. त्यानं पेढे वाटले आणि मी दोन घेतले, निषेध म्हणून.

पण या सगळ्यात मला खरा राग येतो तो त्या दिवसांच्या तक्त्याचा. अर्जाआधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस इथे हजर असायला हवं. वर्क परमिटवरचा दिवस अर्धा धरतात, कारण त्या काळात माणूसही अर्धाच असतो. देशाबाहेर गेलात की कधी गेलात, कधी आलात, कुठे गेलात ते भरायचं, आणि शेवटी एक चिंचोळा रकाना: कारण. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या रकान्यात बसवताना मी शेवटी 'कौटुंबिक' लिहिलं. चुलतभावाचं लग्नही 'कौटुंबिक'च. काका गेले तेव्हा मात्र मला काहीच लिहावं लागलं नाही. दिवस काठावर होते, म्हणून मी गेलोच नाही. दहावा मोबाइलवर पाहिला. घाटावर रेंज नव्हती, चित्र अडकत होतं, पिंडाला कावळा शिवला की नाही ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तक्त्यात ते दिवस जमेच्या बाजूला आहेत. ज्या काकांनी मला स्कॉलरशिपच्या परीक्षेला सायकलवर डबलसीट नेलं होतं, त्यांच्या दहाव्याचे दिवस.

आणि आता दिवस भरलेत तरी जाता येत नाही. म्हणजे कायद्यानं येतं. पण शपथविधीचं बोलावणं कधीही येऊ शकतं, आणि शपथ घेताना कॅनडातच असावं लागतं. त्या भीतीनं मी तिकिटं काढत नाही. पुढे भारतीय पासपोर्ट परत करायचा, ओसीआय कार्ड घ्यायचं. मग मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही, वारसानं आली तर चालते. आईला यातलं एवढंच कळलं, की सातबाऱ्याला धोका नाही. तिचा प्रश्न दुसराच असतो. "येणार कधी?" मी म्हणतो, "पार्श्वभूमी झाली की." ती म्हणते, "बरं," आणि फोन वडिलांकडे देते.

परवा बायकोनं लॅपटॉप ओढून घेतला आणि मुंबईची तिकिटं काढायला बसली. मी म्हटलं, अगं, निदान रद्द करता येतील अशी तरी घे.

"मुळीच नाही," ती म्हणाली. "पैसे बुडणारीच घेते. मग बघ मेल कशी धावत येते ती."