आरोपीसकट गुन्हा

बेंबळी धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर. तालुका नाही, नगरपालिका नाही, पण पोलीस ठाणं आहे, आणि पाव्हण्याला गाव दाखवताना आम्ही त्याच्या पाटीकडं बोट करतोच. आसपासच्या गावांत बांधावरून डोकी फुटली की दोन्ही पार्ट्या इथंच येतात आणि इथल्याच हॉटेलात वेगवेगळ्या बाकांवर बसून चहा पितात. आमची बाजारपेठ थोडीफार हलती आहे ती शेजाऱ्यांच्या भांडणांवर.

जिल्हा पोलिसांचं प्रसिद्धीपत्रक मी पंचांगासारखं वाचतो. त्याची मांडणी ठरलेली. वरच्या भागात मोटार वाहन कायद्याच्या केसेस किती आणि दंड किती. मग गावठी दारू, प्लास्टिकच्या कॅनमध्ये इतके लिटर. मग कल्याण मटक्याचं साहित्य आणि रोख रक्कम, बहुधा एका घराच्या किराण्यालाही पुरणार नाही इतकी. मग रहदारीला धोका होईल अशी उभी केलेली रिक्षा. या भागातल्या प्रत्येक गुन्ह्याला आरोपी असतो: नाव, वय, राहणार. खालच्या भागात चोऱ्या: मोटारसायकल, सोयाबीनची पोती, पवनचक्कीची तांब्याची केबल, शेळ्या. इथला आरोपी मात्र रोज एकच. त्याचं नाव 'अज्ञात'. वय नाही, राहणार नाही, आणि सगळ्या जिल्ह्यात एकाच रात्री फिरण्याची त्याची ताकद बघून थक्क व्हायला होतं.

यातच पोलिसांच्या उद्दिष्टांची सगळी मेख आहे. गुन्हे दोन जातींचे. पोलीस ज्याच्याकडं चालत जातो तो एक, आणि जो पोलिसाकडं चालत येतो तो दुसरा. पहिला गुन्हा आरोपीसकट मिळतो, फर्निचरसकट फ्लॅट मिळावा तसा. कॅन सापडला, कॅनवाला सापडला, पंचनामा झाला, गुन्हा उघडकीला आल्याचं प्रमाण शंभर टक्के. दुसरा गुन्हा म्हणजे रडत आलेला माणूस आणि मोटार गेलेली विहीर. तो लिहून घेतला की आकडा एकानं वाढला, आणि चोर सापडेपर्यंत 'प्रलंबित'च्या रकान्यात तो चिंचेच्या झाडावरच्या वेताळासारखा लटकणार. वाण्याच्या खतावणीत बोलायचं तर दारूवाला जमेला आणि फिर्यादी नावे.

आता कुठल्याही ठाण्याचे साहेब महिन्याच्या क्राइम मीटिंगहून परततात तेव्हाचा त्यांचा चेहरा आठवा. तिथं कुणी विचारत नाही की अमक्या गावच्या म्हातारीच्या पाटल्या मिळाल्या का. विचारतात ते दाखल किती, उघड किती, प्रतिबंधक कारवाया किती, मागच्या महिन्यापेक्षा कमी का. शिपायापर्यंत हा प्रश्न येईतो त्याचा 'तुझ्या बीटची दारूची केस कुठंय?' झालेला असतो. मग शिपाई काय करणार? पाटल्या शोधायला सहा महिने लागतात, कॅन शोधायला अर्धा तास.

तरी योजना कमी नाहीत. २०२५ च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांनी सरकारी कार्यालयांना शंभर दिवसांचा सातकलमी कार्यक्रम लावून दिला: संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रार निवारण, कामाच्या जागेच्या सोयी, गुंतवणुकीला चालना, क्षेत्रीय भेटी. पेपर तपासायला भारतीय गुणवत्ता परिषद. १ मेला निकाल लागला. पोलीस अधीक्षकांच्या वर्गात पालघर पहिलं, ९०.२९ गुण. मग गडचिरोली, नागपूर ग्रामीण, जळगाव, आणि पाचवं आमच्या शेजारचं सोलापूर ग्रामीण. पहिल्या पाचात धाराशिव नव्हतं, त्यामुळे हॉटेलात जरा शांतता होती. मग कुणीतरी विचारलं, ''नव्वद समजलं. वरचे पॉइंट दोन नऊ कशाचे?''

''कुंड्यांचे,'' कोपऱ्यातले आबा म्हणाले.

थट्टा सोडा. बसायला खुर्ची, प्यायला पाणी आणि बाईमाणसाला स्वच्छतागृह ही साधी गोष्ट नव्हे; ठाण्याच्या व्हरांड्यात उकिडवं बसून ज्यानं दुपार काढली आहे त्याला विचारा. माझी तक्रार एवढीच की सातही कलमं मी दोनदा वाचली आणि त्यात चोर सापडला नाही. 'सुकर जीवनमान'मध्ये बसत असेल तर कुणाचं सुकर, ते विचारायला नको. शंभर दिवस संपले तसे दीडशे दिवस लागले, ७ मे ते २ ऑक्टोबर, आणि त्यात विकसित महाराष्ट्राचं थेट २०४७ पर्यंतचं व्हिजन. माणसानं लांबचं बघावं. फक्त मोटार त्याआधी मिळाली तर रब्बीला पाणी देता येईल.

मोटारीवरून आठवलं. माझ्या मावसभावाची विहिरीवरची मोटार गेली. गाव सांगत नाही, ठाणं सांगत नाही, जिल्हाही सांगत नाही. ठाणे अंमलदारांनी विचारलं, ''कधी घेतलेली?''

''तीन वर्सं झाली की साहेब.''

''म्हणजे जुनी. चालत होती?''

''काल राती आठपतोर चालू होती.''

''म्हणजे वापरती.'' आणि कागदावर आलं 'जु.वा.'. त्याच्यापुढं 'किं.अं.', म्हणजे किंमत अंदाजे. बावीस हजारांची मोटार. साहेबांनी पेन टेकवलं आणि मायेनं विचारलं, ''चार हजार नऊशे लिहू?''

सेलातल्या साडीला असते तशी ही किंमत. भाऊ भाबडा, त्याला वाटलं साहेब घासाघीस करालालेत. त्यानं दहावर यायची तयारी दाखवली. त्याला ठाऊक नव्हतं की १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले आणि त्यांत पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र झाली. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलिसानं तपास करायचाच नाही. दखलपात्र गुन्हा कळला की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात बजावून ठेवलंय. न्यायालयानं दार लावलं ते 'दखलपात्र' या शब्दावर. मग खटपट सगळी त्या शब्दाच्या अलीकडं. शंभर रुपयांनी चोरी किरकोळ झाली, तपास वाचला, आणि जिल्ह्यातली गुन्हेगारी एका मोटारीनं घटली. मोबाईलचं तर याहून सोपं. तो चोरीला जातच नाही, 'गहाळ' होतो. एसटीत चढताना खिशातून गहाळ, बाजारात पिशवीतून गहाळ. या राज्यात चोर कमी आणि वेंधळे फार, असं आकडे सांगतात. बेंबीच्या देठापासून ओरडलात तरी कागदावर तुम्ही वेंधळेच.

हा रोग आपलाच, असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांना दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांच्या श्वासचाचण्यांचं उद्दिष्ट होतं. २०१८ मध्ये उघड झालं की साडेपाच वर्षांत दोन लाख अठ्ठावन्न हजारांहून जास्त चाचण्या खोट्या. कशा? तर यंत्राच्या नळीवर बोट ठेवून, नाहीतर हवालदारानं स्वतःच फुंकून. डोळ्यांसमोर आणा: मध्यरात्र, सुनसान रस्ता, बिनदारूचा पोलीस आणि तो एकटाच फुंकतोय, कोटा भरेपर्यंत. आयर्लंडच्या पोलिसांनी तर अशा न झालेल्या चाचण्या चौदा-पंधरा लाख लिहून ठेवल्या होत्या. त्यामानानं आमचे लोक फारच प्रामाणिक. इथं कॅन खरा असतो.

न्यूयॉर्कला १९९४ मध्ये कॉम्पस्टॅट नावाची पद्धत निघाली. नकाशा लावायचा, अधिकाऱ्याला उभं करायचं आणि आकडे विचारायचे. आपली क्राइम मीटिंगच, पडदा तेवढा मोठा. त्या काळात तिथले गुन्हे घटले, हे नाकारून चालणार नाही. पुढं एड्रियन स्कूलक्राफ्ट नावाच्या शिपायानं ठाण्यातली बोलणी गुपचूप टेप केली. फिर्यादी हलक्या करा, दंडाच्या चिठ्ठ्या इतक्या फाडा, असं वरून सांगत होते. २००९ च्या ऑक्टोबरात खात्यातलेच लोक त्याच्या घरी गेले आणि त्याला उचलून सहा दिवस मनोरुग्णांच्या कक्षात ठेवलं. आकड्याशी भांडणारा शहाणा कसा असेल?

उलट बाजूचीही गंमत आहे. राजस्थाननं २०१९ मध्ये ठरवलं की येईल ती फिर्याद नोंदवायची. ठाण्यात घेतली नाही तर अधीक्षकाच्या कचेरीत घेऊ. त्या वर्षीचे आकडे एकदम फुगले, आणि राजस्थानात गुंडाराज आलं म्हणून बोंब सुरू झाली. लिहून घेणारा प्रामाणिक ठाणेदार कागदावर सगळ्यांत नालायक दिसतो. मला कुणी उद्दिष्ट ठरवायला बोलावलं (बोलावणार नाहीत), तर मी एवढंच मोजीन: ठाण्यात किती माणसं आली आणि त्यांतली किती कागदाची प्रत घेऊन बाहेर पडली. मग गुन्हे वाढले म्हणून कुणाला झापायचं नाही. दुसऱ्या वर्षी त्याच माणसांना फोन करायचा, 'काय झालं हो पुढं?' यात कुंड्यांना गुण नाहीत, त्यामुळे ही योजना मंजूर होणं अवघड.

मावसभाऊ मात्र त्या दिवशी रिकाम्या हातानं आला नाही. ठाण्याच्या व्हरांड्यात त्याची एका माणसाशी ओळख झाली. स्वच्छ सदरा, हातात आधारची झेरॉक्स आणि जामिनाचा कागद तयार. गावठी दारूची केस. भावानं विचारलं, कसे सापडलात? तर तो जरा दुखावला. ''सापडलो न्हाई. आमचा नंबर आस्तोय. एक म्हैना माझा, एक म्हैना खालच्या आळीचा.''

''आन् दर म्हैन्याला हेच?''

''हेच की.'' त्यानं झेरॉक्सची घडी करून वरच्या खिशात ठेवली. ''मार्चला दोगंबी.''