आमच्या वेळचा उंदीर

चाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टी लागतात : जवळचा चष्मा आणि 'आमच्या वेळी' हे दोन शब्द. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टॉम आणि जेरीचं चित्र टाकतं आणि लगेच उसाशांची रांग लागते. 'कार्टून्स असावीत तर आमच्या वेळची! आताच्या पोरांना काय कळणार!' जणू टॉमला आम्हीच वाटीनं दूध पाजून लहानाचा मोठा केला.

खरं तर टॉम आम्हाला भेटला तेव्हाच तो पन्नाशी गाठलेला गृहस्थ होता. त्याचा पहिला लघुपट 'पुस गेट्स द बूट' १९४० सालचा. त्यात त्याचं नाव टॉमही नव्हतं, जॅस्पर होतं. पुढे स्टुडिओतल्याच लोकांत नावं सुचवण्याची स्पर्धा झाली, जॉन कार नावाच्या ॲनिमेटरची चिठ्ठी निवडली गेली आणि एवढ्या गाजलेल्या जोडीचं बारसं ५० डॉलरांत उरकलं. त्या वर्षी माझी आजी परकर-पोलक्यात होती. हिशेबानं पाहिलं तर टॉम तिच्या पिढीतला. आमचा नव्हेच.

बरं, तो मुलांसाठी काढलेलाही नव्हता. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा ही सात-आठ मिनिटांची गंमत काढायचे ती थिएटरसाठी. मुख्य सिनेमाआधी पडद्यावर यायची, आणि समोर कामावरून दमून आलेली, पदरचे पैसे मोजून तिकीट काढलेली मोठी माणसं बसलेली असायची. त्यात महायुद्ध चालू. 'द यँकी डूडल माउस' या १९४३ च्या लघुपटात तळघरातली उंदीर-मांजराची मारामारी थेट लढाईच्या थाटात चालते. आम्हाला त्यातलं युद्ध कळलं नाही, अंडी फुटलेली तेवढी कळली. त्याच लघुपटानं या जोडीला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. अशी एकूण सात मिळाली. बाहुली घ्यायला मात्र दर वेळी निर्माते फ्रेड क्विम्बी जायचे. ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना हा विनोद वेगळा समजावून सांगायला नको.

टॉमच्या शेपटीवर काही पडलं की तो जी किंकाळी फोडायचा, ती खुद्द हॅनासाहेबांची. एक प्रौढ, पगारदार माणूस सकाळी ऑफिसला जातो, माइकसमोर उभा राहून जिवाच्या आकांतानं ओरडतो आणि संध्याकाळी घरी येतो. ओरडावंसं आपल्यालाही ऑफिसात पुष्कळदा वाटतं, पण आपल्याला त्याचे पैसे मिळत नाहीत.

१९५७ मध्ये एमजीएम या त्यांच्या स्टुडिओनं हा कार्टूनचा विभागच बंद केला. जुनेच लघुपट पुन्हा लावले तरी गल्ला जवळपास तेवढाच जमतो, हे हिशेबनिसांच्या लक्षात आलं होतं. मग हॅना आणि बार्बेरा टीव्हीकडे वळले. तिथे पैसा कमी, मुदत त्याहून कमी, म्हणून दर चौकटीला सगळं चित्र नव्यानं काढणं परवडेना. योगी बेअर या त्यांच्या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आला तो असा. धड तसंच ठेवायचं, मुंडकं तेवढं हलवायचं, आणि सांधा कॉलरखाली झाकायचा. त्यांच्याच मालिकेतला फ्लिंटस्टोन घरात धावत सुटला की तीच खिडकी आणि तोच दिवा पुन्हा पुन्हा मागे जायचा. 'केवढं मोठं घर आहे यांचं!' असं दोन खोल्यांत राहणाऱ्या आम्हाला वाटायचं.

आमच्याकडे हे सगळं १९९५ नंतर केबलच्या वायरीतून आलं. शेजारच्या गच्चीवरून झाडाच्या फांदीवर आणि फांदीवरून आमच्या खिडकीत. रात्री ठरावीक वेळ झाली की कार्टून नेटवर्क संपायचं आणि त्याच चॅनेलवर जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे. त्या क्षणी रिमोट आपोआप बाबांच्या हाती जायचा. पडद्यावर नुसता टोपीवाला माणूस सिगारेट पेटवताना दिसला, तरी आम्हाला झोपायला पाठवत.

इंग्रजीची अडचण अशी झालीच नाही, कारण टॉम आणि जेरी बोलतच नसत. म्हणून आजीही बसायची. ती पहिल्या दिवसापासून टॉमच्या बाजूची. 'उंदराचं कसलं रे कौतुक? आमच्या माळ्यावर एक रात्र राहून बघ म्हणावं. सगळी पोती कुरतडली होती मेल्यांनी.' टॉमला घराबाहेर काढलं की ती हळहळायची. 'तो काय हौसेनं करतोय का? पोटासाठी करतोय बिचारा.' त्या घरातल्या बाईचे फक्त पाय आणि हातातला झाडू दिसायचा. आजीच्या मते तीच घराची मालकीण, आणि फार कामसू. पुढे मोठेपणी वाचलं, की ती काळी मोलकरीण होती, आणि काळ्या बायांची टिंगल करण्याचा जो ठरावीक साचा तेव्हा अमेरिकेत चालायचा त्याच साच्यातून ती काढलेली होती. नंतर टीव्हीसाठी तिचा आवाज बदलला, काही वेळा तर बाईच बदलली. 'आमच्या वेळचं सगळं कसं निर्मळ' असं ग्रुपवर कुणी लिहिलं की मला ते पाय आठवतात. निर्मळ आमचं अज्ञान होतं.

आणि संगीत! स्कॉट ब्रॅडली यांनी टॉमच्या प्रत्येक पावलाला स्वर दिला. 'द कॅट कॉन्सर्टो'मध्ये टॉम काळा कोट घालून ऐटीत पियानोवर लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हाप्सडी वाजवतो आणि जेरीची झोपमोड होते, कारण तो पियानोतच झोपलेला असतो. आमच्या घरात भीमसेन जोशींच्या कॅसेटी होत्या, लिस्ट या माणसाचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. तरी ती ऱ्हाप्सडी आम्हाला तोंडपाठ झाली. आजही ती कुठे गंभीरपणे वाजताना ऐकली, की आमच्या पिढीतला माणूस पियानोच्या झाकणाकडे बघत राहतो.

दूरदर्शनवरच्या मोगलीची तर पत्रिकाच वेगळी. त्याला जन्म देणारा किपलिंग १८६५ साली आपल्या मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला. गोष्टी घडतात मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या रानात. चित्रं काढली जपान्यांनी. हिंदीत येताना शीर्षकगीत लिहिलं गुलजारांनी, चाल दिली विशाल भारद्वाज यांनी, आणि शेरखान डरकाळी फोडू लागला तो नाना पाटेकरांच्या आवाजात. इतक्या हातांतून आलेला पोरगा रविवारी सकाळी आमच्या दिवाणखान्यात उतरला आणि आम्ही त्याला बिनदिक्कत 'आमचा' म्हणून टाकलं.

एक मात्र खरं. या मंडळींनी शिकवलेलं काही अजून उपयोगी पडतं. चक जोन्सनं १९४९ मध्ये तो लांब मानेचा रोड रनर आणि त्याच्यामागे धावणारा उपाशी कोयोटी पडद्यावर आणला. कोयोटी कड्याच्या पुढे हवेत चालत राहतो. पडत नाही. खाली पाहतो, आणि मगच पडतो. शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवणाऱ्या बाईंना हे मान्य झालं नसतं, पण संसार नेमका याच नियमानं चालतो. महिनाअखेरीस पासबुक उघडेपर्यंत सगळं ठीक असतं. कोयोटीचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे ॲक्मी कंपनीचा माल दर वेळी फसला तरी तो पुढची ऑर्डर त्याच कंपनीला देतो. त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला किती आहे, हे प्रत्येकानं आपापलं मतदान आठवून ठरवावं.

परवा भाचा मोबाइलवर टॉम-जेरी बघत होता. इस्त्री टॉमच्या तोंडावर बसली, तोंड इस्त्रीच्या आकाराचं झालं, आणि पोरगं हसून लोळलं. नेमकं तिथेच आम्ही लोळायचो, आणि तिकीट काढून बसलेला अमेरिकेतला तो दमलेला कामगारही तिथेच हसला असणार. आता हा भाचा तीस वर्षांनी त्याच्या ग्रुपवर लिहील, 'आमच्या वेळची कार्टून्स!' लिहू दे. आम्ही तरी कुठे कुणाला विचारून लिहिलं होतं? विनोद चांगला असला की तो ज्याच्या घरी पोचतो त्याचाच होऊन बसतो.

प्रश्न उरतो तो त्या दोघांच्या वयाचा. आपल्या एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट असतो. टॉम आणि जेरी दोघंही केव्हाच पात्र झाले आहेत. नुसतं आधार कार्ड दाखवायचं. पण कंडक्टर पुढच्या सीटवर पोचायच्या आत जेरीनं टॉमचं कार्ड कुरतडलेलं असणार, आणि खिडकीची जागाही त्यानंच पटकावलेली असणार.