आमच्या बुलेटची किक कुठे आहे?

मा. मिस्तरीभाऊ यांस,



पत्र खुलं लिहितो आहे. बंद पाकीट तुमच्याकडे पाठवायचा धीर झाला नाही. तुम्ही उघडलेली वस्तू पुन्हा पहिल्यासारखी बंद होत नाही, हे एरंडोलपासून कासोद्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

आधी अभिनंदन. 1982 ची बुलेट, साडेतीनशे सीसी, उजव्या पायाला गिअर, डाव्या मुठीजवळ डीकॉम्प्रेशनचा खटका, सहा व्होल्टची बॅटरी. मद्रासच्या कारखान्यातून ती बाहेर पडली तेव्हा तिला सेल्फ नव्हता. तिथल्या इंजिनिअर मंडळींची ही चूक तुम्ही दोन चहांच्या मधल्या वेळात दुरुस्त केलीत. तुमच्याकडे आणली तेव्हा गाडी किकनं चालू होत होती, जराशी कुरकुरत. परत नेली तेव्हा ती बटनानं बंद पडत होती. याला प्रगती म्हणतात, हे मला तुमच्यामुळे कळलं.

"आते किक मारानं वय ऱ्हायनं का, सर? बटन दाबा, गाडी चालू व्हई जाई!" असं तुम्ही म्हणाला होतात. पहिलं वाक्य खरं होतं. गुडघ्यांची झीज झालीय, डॉक्टरांनी किकला हात जोडायला सांगितलंय. तेव्हा माझी तक्रार सेल्फविरुद्ध आहे असा समज करून घेऊ नका. जुन्या गाडीला सेल्फ बसवणं म्हणजे महापाप, असं मानणारे शौकीन माझ्या ओळखीचे आहेत. त्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या फिरोदियांनी होंडाबरोबर कायनेटिक होंडा आणली, तेव्हा नऊवारीतल्या बायासुद्धा बटन दाबून भुर्रकन निघून जायच्या आणि शेजारी चेतकवाले पुरुष गाडी आडवी करून किका मारत घामाघूम व्हायचे. बटनाचं महत्त्व मला कोणी शिकवायला नको.

सेल्फचं किटसुद्धा चांगलं होतं. मोटर, स्प्रॅग क्लच, दातेरी चाकं, रिले, क्लच साइडचं नवं कव्हर, सगळं डब्यात नीट बसवलेलं. सोबत जोडणीचा कागद होता. त्या कागदावर तुम्ही भजी खाल्लीत. बरोबरच आहे, वाचणाऱ्याला कागद लागतो, कलाकाराला ग्राइंडर पुरतो. बारा व्होल्टची मोठी बॅटरी बाजूच्या डब्यात मावेना, म्हणून तुम्ही डबाच कापलात. बॅटरी डब्याबाहेर ट्यूबच्या रबरानं बांधलीत. घरातल्या पंख्याला वापरतात तसली वायर मोटरला जोडलीत. स्टार्टर एका क्षणात किती करंट ओढतो याची कल्पना वायरला होती, म्हणून ती लगेच वितळली. तुम्हाला नव्हती, म्हणून तुम्ही तसलीच दुसरी लावलीत.

त्या संध्याकाळी हेडलाइटनं जो उजेड पाडला, तसा त्या गाडीनं आयुष्यात पाडला नव्हता. पांढराशुभ्र! तुम्ही छाती फुगवून माझ्याकडे पाहिलंत. सहा व्होल्टचा बल्ब बारा व्होल्टवर पेटला की असाच पेटतो आणि मग कायमचा विझतो. हॉर्न किंचाळला, तोही एकदाच. कॉइल हात लावू देईना. आणि एवढं सगळं करून अल्टरनेटरची वायरिंग, रेक्टिफायर जुनेच, सहा व्होल्टच्या काळातले. म्हणजे मोटर बॅटरीतून घेणार भरमसाट आणि बॅटरीत परत येणार नावापुरतं. महाभारतातली एकचक्रानगरी म्हणजे आपलं एरंडोल, असं गावात मानतात. बकासुराकडे रोज गाडाभर अन्न जायचं आणि रिकामा गाडाही परत यायचा नाही. तुम्ही त्या सेल्फच्या रूपानं गावाची परंपरा चालू ठेवलीत.

थोडा इतिहास सांगू का? गिऱ्हाईक नसताना वाचा, म्हणजे हल्ली केव्हाही. चार्ल्स केटरिंग नावाचा अमेरिकन इंजिनिअर दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. हँडल न फिरवता गल्ला उघडावा म्हणून त्यानं त्याला छोटी मोटर लावली. तिथे त्याला एक गोष्ट उमगली. क्षणभरच जोर लावायचा असेल, तर लहान मोटरही भरपूर ओढून नेते. तिला दिवसभर राबायचं नसतं. हाच विचार घेऊन त्यानं 1912 च्या कॅडिलॅक मोटारीला सेल्फ दिला. पण त्याची खरी करामत मोटर नव्हती. इंजिन चालू झालं की तीच मोटर डायनॅमो होऊन बॅटरी पुन्हा भरायची. दिवे, ठिणगी, स्टार्टर, बॅटरी, सगळं त्यानं एकमेकांना जोडून एकाच हिशेबात बसवलं. 1965 साली हार्ले कंपनीनं मोटरसायकलला सेल्फ दिला आणि त्या आनंदात तिचं नावच इलेक्ट्रा ग्लाइड ठेवलं. तेव्हा त्यांनीही नुसतं बटन चिकटवलं नाही. अख्खी वायरिंग सहावरून बारा व्होल्टवर नेली. तुम्ही त्यांच्याकडून बटन तेवढं घेतलंत.

अर्थात मोठ्यांनाही हे नेहमी साधलं असं नाही. नॉर्टनच्या 1975 च्या कमांडोचा सेल्फ इतका अशक्त होता, की स्वार त्याला किकचा मदतनीस म्हणत. आपल्या एनफिल्डनं इलेक्ट्रा, थंडरबर्डला सेल्फ आधीच दिला होता. साध्या बुलेट 350 ला तो मिळायला 2019 उजाडलं. एवढ्या जाणत्या लोकांना जिथे इतकी वर्षं लागली, तिथे तुम्ही एका दुपारी उरकलंत, यावरून काय ते समजा.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे पत्र. गाडी कुरकुरत का होती, हे तुम्ही विचारलंत का? पॉइंटमधली फट पाहिलीत? ती 0.35 ते 0.40 मिलिमीटर असावी लागते. आमच्या गाडीत नखाची कड जात होती. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात ऑटो अॅडव्हान्सच्या दोन लहान स्प्रिंगा असतात. त्या ढिल्या पडल्या की हळू फिरणाऱ्या इंजिनलाही ठिणगी फार आधी मिळते आणि पिस्टन वर पोचायच्या आत उलटा ढकलला जातो. किक मारणाऱ्याला हे लगेच कळतं, कारण पोटरीला जो दणका बसतो तो रात्रीपर्यंत आठवतो. मग माणूस मुकाट्यानं टायमिंग बघतो. बटन दाबणाऱ्याला काहीच कळत नाही. तो दणका स्प्रॅग क्लच खातो. एकाच दिशेनं फिरायला बनवलेल्या त्या बिचाऱ्याला गाडी उलटी फिरवते आणि त्याच्या आतल्या कड्या मोडतात. कंपनीच्या सेल्फवाल्या इंजिनातसुद्धा हा भाग असाच मोडायचा. तुमच्या हातचा काय टिकणार? ज्या गाडीला साठ-सत्तर रुपयांच्या स्प्रिंगा आणि अर्ध्या तासाची मेहनत हवी होती, तिला तुम्ही हजारो रुपयांची मोटर विकलीत. आजार जागच्या जागी, वर नवा अवयव.

मी गाडीजवळ किक मारायला उभा राहत असे तेव्हा सगळं एका क्रमानं चालायचं. अॅमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळूच दाबायची, खटका ओढून पिस्टन टोकाच्या जरा पुढे घ्यायचा, खटका सोडायचा आणि मग पूर्ण किक. जमलं की गाडी पहिल्या फटक्यात बोलायची. हे मी गुडघे धड असताना शिकलो. आता ते काम बटनानं करावं, याला माझी पूर्ण संमती होती. पण पॉइंट, टायमिंग, कार्बोरेटर ठीक असलेली गाडीच सेल्फला झेपते. बिघडलेल्या गाडीवर बटन लावणं म्हणजे नुसती बॅटरी मारणं.

आणि किक? ती तुम्ही काढलीत. "आते कशाला पायजे?" म्हणालात. किट बसवताना ती आड येत नव्हती. ती उजव्या बाजूला असते, मोटर डाव्या बाजूला बसवलीत. निव्वळ उत्साहापोटी तुम्ही ती काढून कोपऱ्यातल्या ढिगात फेकलीत आणि शाफ्टवर रबरी टोपी घातलीत. त्यामुळे पद्मालयाच्या वाटेवर, भर वैशाखात, गाडी बंद पडल्यावर माझ्याकडे दोनच उपाय उरले. एक बटन, जे दाबलं की रिले नुसता टक् वाजतो. दुसरा धक्का. दीड क्विंटलहून जड गाडी, वर पंचेचाळीस डिग्री ऊन आणि आजूबाजूला गणपतीच्या दर्शनाला आलेली भाविक मंडळी. त्यांनी धक्का मारला, गाडी चालू झाली, आणि एक आजी मला म्हणाल्या, "भो, किक नही का तुनी गाडीले?" त्यांना तुमचा पत्ता दिलाय.

तर आता पैसे नको आहेत. ते परत मिळतील असं वाटण्याइतका मी भाबडा नाही. मला किक हवी आहे. भंगारात गेली असेल तर भंगारवाल्याचं दुकान दाखवा, बुलेटची किक मी ढिगातही ओळखतो. मोटर राहू दे तिच्या जागी. अल्टरनेटरची वायरिंग, रेग्युलेटर-रेक्टिफायर, बल्ब, हॉर्न, कॉइल सगळं बारा व्होल्टचं करून, जाड केबल टाकून आणि नवा स्प्रॅग बसवून मी ती वापरणार आहे. हे काम दुसरीकडे दिलंय. पण पॉइंट आणि त्या दोन स्प्रिंगा तुमच्याच हातून नीट करून घ्यायच्या, असं ठरवलं आहे.

येताना फीलर गेज आणा. ते काय असतं हे कोणाला फोन करून विचारत बसू नका, मी दाखवीन.

आपला,
सध्या पायी हिंडणारा एक ग्राहक
एरंडोल