सोफा पसंत केल्याबद्दल आभार

श्रीमान इवाईसाहेब, मुक्काम धाराशिव, यांसी मुलीच्या चुलत्याचा सादर रामराम. विनंती विशेष.

यादीच्या बैठकीत आपण चार पाहुण्यांदेखत म्हणालात, "आम्हाला काही नको. मुलगी आणि नारळ द्या." त्या मोठेपणाबद्दल आभार. नंतर उंबऱ्याबाहेर, पायात चपला घालताना, आपण दादाच्या, म्हणजे मुलीच्या बापाच्या, कानाशी एवढंच बोललात, "हॉलमध्ये तेवढा एक सोफा बघा. आल्यागेल्याला बरं दिसतं." हे बैठकीत बोलला असतात तर पाहुण्यांनी ऐकलं असतं. आमची एवढी काळजी कोण घेतं!

पसंतीसाठी आपण स्वतः बार्शीपर्यंत येण्याची तसदी घेतलीत. दादाने लाकडी हातांचा, कापडी गाद्यांचा साधा सेट बघून ठेवला होता. उसवला तर शिवता येतो, गाद्या उन्हात टाकता येतात. आपण त्याच्याकडे नजरही वळवली नाहीत. कोपऱ्यात बसणारा, रेक्झीनचा मोठा सोफा आपल्या मनात भरला. मग आपण फोम अंगठ्याने दाबून पाहिलात, डेन्सिटी ३२ की ४० ते विचारलंत, पुढचा पाय उचलून सांगाडा पिळतो का ते तपासलंत, पाठ टेकून निवांत बसलात. सोफा घ्यावा तर असाच पारखून घ्यावा. ज्याच्या पैशाने ही पारख चालली होती तो माणूस तेवढा वेळ पिशवी धरून दाराशी उभा होता. त्याला कुणी 'बसा' म्हटलं नाही.

वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, रेक्झीन घामाने पाठीला चिकटतं आणि काही वर्षांत त्याचे पोपडे निघतात, हे मी नम्रपणे सुचवलं. "फाटला तर पुढचं पुढे बघू," असं आपण म्हणालात. पुढचंही आम्हीच बघायचं आहे, हे आधीच कळवल्याबद्दल उपकृत आहे.

किंमत पासष्ट हजार. आपल्याला हिशेब आवडतो म्हणून लिहितो. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण दादाचा भिजलेला माल बार्शीच्या आडतीत चार हजारांच्या वर चढला नाही. म्हणजे आपला सोफा सोळा क्विंटलचा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी परंड्याच्या शिवारात शिरलं तेव्हा दादाची काठाकडची जमीन खरडून गेली. तिथे पीकच उरलं नाही, तर सोळा क्विंटल कुठून आणायचे? सावकाराचं घर मात्र आपल्या सोफ्याहून जवळ आहे.

आपण सुशिक्षित आहात, तेव्हा १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा मी आपल्याला काय सांगावा! हुंडा घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही किमान पाच वर्षांची कैद आहे. नुसत्या मागणीलाही सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत आहे, आणि ती बैठकीत केली की उंबऱ्याबाहेर, असा भेद कायदा करत नाही. न मागता, खुशीने दिलेल्या भेटीला सूट आहे, तीही यादीत नोंदवून. आपल्या सोफ्याला 'संसारोपयोगी साहित्य' म्हटल्याने तो खुशीचा होत नाही.

आता सर्वांत मोठे आभार. आपल्या वहिनींनी आमच्या मुलीला प्रेमाने समजावलं की, आपल्या घरी सून सासऱ्यासमोर सोफ्यावर बसत नाही, खाली सतरंजीवर बसते. बाप कर्ज काढून सोफा देणार आणि लेक त्या सोफ्यासमोर जमिनीवर बसणार! ही पोर नर्स आहे, रात्रपाळ्या करते, पाळीभर उभी असते. तिचा पगार दर महिन्याला आपल्याच घरी येणार आहे. तिला बसायला जागा नाही असं घर आम्ही पाहिलं, याची मला मनापासून चीड आहे.

हे पत्र वाचणाऱ्या मुलींच्या बापांना आणि चुलत्यांना हात जोडून सांगतो, उंबऱ्याबाहेर कानात केलेली मागणी तिथेच मोठ्याने म्हणून दाखवा. पाहुणे ऐकू देत.

इवाईसाहेब, सोफ्याचा इसार भरलेला नाही. दुकानदाराला बिल आपल्या नावाने करायला सांगितलं आहे. सोफा हवा असेल तर पैसे भरून घेऊन जा. मुलगी हवी असेल तर तिला शेजारी बसवून घेणार असल्याचं चार पाहुण्यांदेखत सांगायला या. दोन्ही जमत नसेल तर साखरपुड्याचं सामान बांधून ठेवलं आहे, परत पाठवतो.

आपला,
मुलीचा चुलता, तालुका परंडा