‘टेक्कन ३’ श्रेष्ठ की ‘टेक्कन ४’? निःपक्षपाती तुलनेची कार्यपद्धती

मारामारीच्या गेमची त्याच्या पुढच्या भागाशी तुलना करणे हे जबाबदारीचे काम आहे. दोन्ही भाग नीट खेळलेल्या माणसावर ते सोपवू नये. त्याचे मत डळमळण्याचा धोका असतो. बाकीच्यांनी खालील क्रमाने जावे.

१. निकाल आधी लिहावा. ‘पहिल्यासारखी मजा नाही’ हे वाक्य कागदाच्या तळाशी लिहून मगच खेळायला बसावे. चौकशी समित्यांची हीच पद्धत आहे आणि त्यांचे अहवाल कधी अडत नाहीत.

२. कालखंड आखावा. नामकोने ‘टेक्कन ३’ १९९७ साली आर्केडमध्ये आणला, पुढच्या वर्षी प्लेस्टेशनवर. ‘टेक्कन ४’ आर्केडमध्ये २००१ साली आणि प्लेस्टेशन २ वर २००२ साली आला. मधला ‘टॅग टूर्नामेंट’ (१९९९) मुख्य कथेत बसत नाही, म्हणून वगळावा. तो उत्तम आहे हे वगळण्याचे दुसरे कारण.

३. साक्षीदार निवडावा. एडी गोर्डोपेक्षा चांगला साक्षीदार नाही. तिसऱ्या भागात एडी घ्यावा, लाथांची दोन बटणे डोळे मिटून बडवावीत. तो कापोइराच्या गिरक्या घेत समोरच्याचे पाय झोडपतो आणि सहा महिने सराव केलेला मित्र आडवा होतो. याला ‘कौशल्य’ म्हणावे. चौथ्या भागात त्याच्या जागी क्रिस्टी मोंतेरो येते. चाली जवळपास त्याच असल्या तरी तिच्याबाबत ‘नुसती बटणे बडवतोस’ असे म्हणावे.

४. मोजपट्टी लवचिक ठेवावी. तिसऱ्या भागाच्या प्लेस्टेशन आवृत्तीत गॉन नावाचे चिमुकले डायनासोर आहे. ते इतके बुटके की भलेभले ठोसे त्याच्या डोक्यावरून जातात. ही गंमत. चौथ्या भागात जमीन उंचसखल आहे. समोरचा उताराला उभा असला की ठोसा त्याच्या डोक्यावरून जातो. हा अक्षम्य दोष. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असे कोणी टोचल्यास शांतपणे सांगावे की या एकाच गेममध्ये अंगण खरोखर वाकडे आहे.

५. भिंतींवर सविस्तर बोलावे. तिसऱ्या भागात मैदानाला अंत नव्हता. मार बसू लागला की क्षितिजापर्यंत मागे सरता येई. चौथ्याने मालिकेत प्रथमच भिंती आणल्या. आता पाठ टेकते, आणि समोर स्टीव्ह फॉक्स असेल तर तो पठ्ठ्या मुष्टियोद्धा असल्याने लाथ मारतच नाही, ठोसेच मोजून घालतो. मागे सरणे हा खेळाडूचा मूलभूत हक्क असल्याचे ठासून मांडावे.

६. घराण्याची अब्रू काढावी. जिन काझामाने चौथ्या भागात मिशिमा घराण्याची शैली टाकून कराटे धरले, याला ‘कुलाचार मोडला’ म्हणावे. त्या भागातला सर्वांत जबर लढवय्या तोच मानला जातो, ही माहिती स्वतः हरल्यावरच बाहेर काढावी.

७. लेखी पुरावा जोडावा. प्लेस्टेशन २ वरील ‘टेक्कन ५’ च्या तबकडीत पहिले तिन्ही भाग आर्केड रूपात भरले होते, चौथा नाही. चौथा त्याच यंत्रावर आधीच निघाला होता, हे साधे कारण कोणी पुढे केल्यास विषय बदलावा. पाचव्याने जमीन पुन्हा सपाट केली हे मात्र जरूर सांगावे. भिंती त्याने ठेवल्या, आणि २०२४ च्या ‘टेक्कन ८’ मध्येही त्या उभ्या आहेत. त्यांचे श्रेय पाचव्यापासून पुढे कोणालाही द्यावे, चौथ्याला देऊ नये.

८. अहवालाची प्रत जपून ठेवावी. वीसेक वर्षांनी ‘टेक्कन ४ काळाच्या पुढे होता’ असे म्हणण्याची लाट येतेच. तेव्हा नवे काही लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत. मुद्दे तेच, क्रम तोच; फक्त ‘म्हणून फसला’ दिसेल तिथे ‘म्हणूनच थोर’ घालावे आणि तारीख बदलावी.